पाटी माळढोकाची, बिऱ्हाड लांडग्याचं

भारतात जास्त कोण, वाघ की लांडगे? पानटपरीवर पैज लावून बघा. बहुतेक जण छातीठोकपणे ‘लांडगे’ म्हणतील आणि चहाचे पैसे भरतील. २०२२ च्या व्याघ्रगणनेत देशातल्या वाघांचा सरासरी आकडा निघाला ३,६८२. त्याच वर्षी भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी द्वीपकल्पातल्या लांडग्यांचा अंदाज मांडला, तो ३,१७०. ‘लांडगा आला रे आला’ म्हणत आपण पिढ्यान्‌पिढ्या पोरं घाबरवली, आणि तो बिचारा वाघापेक्षाही कमी उरलाय. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले ३९६. मध्य प्रदेश, राजस्थान आणि गुजरात आपल्या पुढे.

आणखी एक गंमत. लांडग्यांच्या या हिशेबाला मोठा आधार मिळाला तो वाघांची मोजदाद करताना जमलेल्या नोंदींचा. वाघासाठी देशात पन्नासहून जास्त व्याघ्र प्रकल्प आहेत. लांडग्याच्या नावाची अभयारण्यं किती? झारखंडमधलं महुआडांड, १९७६ चं. त्यानंतर जवळजवळ अर्धं शतक सामसूम. मग २०२५ मध्ये कर्नाटकानं कोप्पळ जिल्ह्यात बंकापूर जाहीर केलं. झाली यादी.

सोलापूरचा लांडगा मात्र एका पक्ष्याच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहतो.

गोव्याच्या दुपटीहून मोठं

सोलापूरहून बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर गेलं की नान्नज येतं. इथली पाटी माळढोक पक्षी अभयारण्याची. १९७९ मध्ये ते जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्रफळ होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. अख्खं गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं आहे, यावरून अंदाज करा. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात पसरलेल्या या अभयारण्यात गावं होती, आठवडी बाजार होते, उसाचे फड होते. कागदावर अभयारण्य, जमिनीवर नांगर. जमिनीच्या व्यवहारांना अडसर आला तसे लोक वैतागले आणि त्यांचं फार चुकलं असं म्हणता येत नाही. पुढे कात्री लागली आणि आकडा १,२२२ चौरस किलोमीटरवर आला. त्यातही नीट राखलेलं गवत नान्नज, मार्डी, अकोलेकाटी, कारंबा, नरोटेवाडी अशा तुकड्या-तुकड्यांत.

हे गवत आलं कुठून, त्याची कथा तर आणखी खुमासदार. १९७२ च्या दुष्काळानं सोलापूरला होरपळून काढलं. त्यानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम आला. माळाचे काही तुकडे कुंपणात घेतले, चराई थांबवली. हेतू साधा होता: माती अडवायची, चारा वाढवायचा. गुरांची तोंडं बाजूला झाल्यावर पवना, मारवेल, कुसळी वर आली. त्या गवतात माळढोक विणीला येऊ लागला, पाठोपाठ काळविटांचे कळप स्थिरावले. म्हणजे देशातल्या एका नावाजलेल्या अभयारण्याचं मूळ वन्यजीव खात्याच्या योजनेत नसून दुष्काळ निवारणाच्या खर्चात आहे.

१९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या असद रहमानी यांनी इथं माळढोकाचा अभ्यास उभा केला. पक्षी मात्र घटत गेला. आता इथं एखादा माळढोक दिसला तर त्याची वर्तमानपत्रात बातमी होते. पण त्याच्यासाठी राखलेल्या गवतात चार पायांची मंडळी टिकली: लांडगा, खोकड, तरस, काळवीट, रानमांजर. भारतातल्या लांडग्या-खोकडांबद्दल आज जे काही नेमकं ठाऊक आहे, त्यातला बराच भाग सोलापूरच्या या रखरखीत माळानं शिकवलाय. सोलापूरकर चादरीचा आणि शेंगाचटणीचा अभिमान बाळगतात. ही तिसरी गोष्ट त्यांनी यादीत घालायला हरकत नाही.

कर्नलची यादी

आपल्या लांडग्याची शास्त्रात पहिली रीतसर नोंद झाली १८३१ मध्ये आणि ती दख्खनच्या लांडग्यावरून. नोंद करणारा विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. १८१७ मध्ये खडकीला पेशव्यांच्या फौजेशी लढला, नंतर मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडला. लोकसंख्या, पिकं, पाऊस मोजता मोजता त्यानं प्राण्यांचीही यादी केली आणि लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ठेवली. सारा वसुलीच्या मुलखात फिरताना माणूस काय काय लिहून ठेवेल, सांगता येत नाही.

हा लांडगा किती जुना, हे कळायला मात्र २००४ उजाडलं. जनुकीय अभ्यासातून दिसलं की द्वीपकल्पातल्या लांडग्यांची शाखा इतर लांडग्यांपासून सुमारे चार लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली असावी. हिमालयातला लांडगा त्याहूनही आधीचा. घरोघरच्या कुत्र्यांच्या जडणघडणीत या दोन्ही शाखांचा वाटा दिसत नाही, हेही त्याच अभ्यासात पुढे आलं. २०२१ मध्ये लॉरेन हेनेली आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण जनुकसंच तपासून भारतीय लांडग्याच्या पुरातनपणावर शिक्का मारला. मग २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं भारतीय लांडग्याचं पहिल्यांदा वेगळं मूल्यमापन केलं आणि त्याला ‘असुरक्षित’ गटात टाकलं. तोवर तो जगभरच्या लांडग्यांच्या ढिगात मोजला जायचा, आणि जगात लांडगे भरपूर असल्यामुळे आपल्याकडच्यांची काळजी कुणाला वाटत नव्हती.

अलीगढहून नान्नजला

लांडग्यासाठी सोलापूरच्या माळावर तळ ठोकणाऱ्यांत अलीगढ मुस्लीम विद्यापीठाची मंडळी आघाडीवर. सतीश कुमार यांनी सोलापूरच्या लांडग्यावर १९९८ मध्ये पीएचडी पूर्ण केली. पुढे बिलाल हबीब यांनी त्याच माळावर २००७ मध्ये. दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस अंशाला जिथं सावलीसुद्धा सावली शोधते, तिथं एखाद्या बांधाआड बसून दिवसभर लांडग्याची वाट बघणं म्हणजे काय, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

वाट बघण्याचं फळ भन्नाट होतं. नान्नजचे लांडगे बिऱ्हाड बदलत होते! थंडीत पिल्लं होतात. मादी नाल्याच्या काठाला, दगडांच्या कपारीत किंवा लागवडीतल्या एखाद्या आडोशाला बीळ निवडते. आपली समजूत अशी की पिल्लं मोठी होईस्तोवर तेच घर. हबीब आणि कुमार यांनी नोंदवलं की लांडगे एकाच हंगामात पिल्लांना एका बिळातून उचलून दुसऱ्या बिळात नेतात. या हलवाहलवीवर त्यांचा शोधनिबंध २००७ मध्येच प्रसिद्ध झाला. चहूबाजूंनी शेतं, मोटारसायकली, गुराखी, सरपण वेचणाऱ्या बाया. अशा वस्तीत घर करायचं तर एका पत्त्यावर विसंबून चालत नाही.

याचा अर्थ सरळ आहे. एका बिळाभोवती कुंपण घालून लांडग्याचं कुटुंब वाचत नाही. त्याला जवळपास दोन-तीन पर्यायी जागा हव्यात आणि तिथवर पोचायला मोकळा माळ हवा. कुटुंब म्हटलं ते उगीच नाही. कळपात बहुधा एकच जोडी विते. बाकीचे काका, मावश्या, थोरली भावंडं पिल्लांची राखण करतात आणि बाहेरून खाऊन आलेलं मांस ओकून त्यांना भरवतात. हे वाचून नाक मुरडू नका. एकत्र कुटुंबपद्धती टिकवल्याबद्दल आपण माणसांना पुरस्कार देतो.

जाता जाता एक धागा. नान्नजला लांडग्यांमागे फिरलेले हबीब पुढे भारतीय वन्यजीव संस्थेत गेले आणि विदर्भातल्या वाघांना रेडिओ कॉलर लावण्याच्या प्रकल्पाचे प्रमुख संशोधक झाले. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघून तेलंगणाच्या सीमेत डोकावत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचलेला, तीन हजार किलोमीटरहून जास्त चाललेला २०१९ चा तो गाजलेला वाघ आठवतो? त्याच्या गळ्यातली कॉलर याच प्रकल्पाची.

काळी चारचा सूर

लांडगा मोजायचा कसा? वाघाचे पट्टे म्हणजे त्याची ओळखपत्रं, कॅमेऱ्यात फोटो आला की झालं. लांडगे मात्र सगळे मातकट, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. मग कानांचा आधार घ्यायचं ठरलं. सौगत साधुखां, हेनेली आणि हबीब यांनी महाराष्ट्रातल्या रानात लांडग्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, जोडीला प्राणिसंग्रहालयातले लांडगेही ऐकले. २०१९ मध्ये त्यांनी आवाजांचे चार प्रकार वेगळे करून दाखवले. लांब विव्हळणं, त्यातच भुंकणं मिसळलेलं, दबकी कुणकुण आणि आपसातलं किणकिणणं.

विव्हळण्याची सरासरी लांबी साधारण पाच सेकंद. मूळ सूर सरासरी ४२० हर्ट्झच्या आसपास. पेटीवाल्यांसाठी सांगायचं तर मधल्या सप्तकातली काळी चार, किंचित चढी. अर्थात ही सरासरी झाली, प्रत्येक लांडगा आपापल्या हरकती घेतोच. त्या हरकतींवरूनच कोणता आवाज कुणाचा हे ओळखण्याची पद्धत याच गटानं २०२१ मध्ये मांडली. रात्री माळावर स्पीकर लावून लांडग्याची साद ऐकवायची, उत्तर आलं की मुद्रित करायचं आणि संगणकावर छाननी करायची. पकडायला नको, बेशुद्ध करायला नको, कॉलर नको.

खोकड: अडीच-तीन किलोंचा नायक

आता खऱ्या लाडक्याकडे येऊ. खोकड म्हणजे कोल्हा नव्हे. कोल्ह्याहून लहान, चणीनं मांजराएवढं, शेपटीचं टोक काळं, कान मोठे, वजन अडीच-तीन किलो. भारतीय उपखंडाबाहेर हे जनावर सापडत नाही. याला जगात सर्वांत बारकाईनं कुठं अभ्यासलं गेलं असेल तर ते नान्नजला.

मिसुरी विद्यापीठात पीएचडी करणारे अबी तमीम वनक या शतकाच्या पहिल्या दशकात इथं आले. त्यांचा प्रश्न वरवर साधा होता: गावातली मोकाट कुत्री आणि माळावरचं खोकड एकाच जागी राहतात, मग त्यांचं आपसात कसं जमतं? आधी दोघांच्या विष्ठेवरून जेवण तपासलं. कुत्र्यांच्या पोटात निघाला माणसाचा उरलासुरला माल. भाकरतुकडा, उकिरडा, मेलेली जनावरं. खोकडाच्या पोटात उंदीर, किडे आणि फळं. म्हण कोल्ह्याच्या काकडीची असली तरी बोरांच्या बाबतीत खोकडही काही कमी राजी नसतं. ताटं वेगळी, मग भांडण कशाचं?

भांडण ताटाचं नव्हतंच, ते धाकाचं होतं. वनक यांनी मारिया ठाकर आणि मॅथ्यू गॉम्पर यांच्यासोबत माळावर खाण्याच्या थाळ्या मांडून प्रयोग केले. कधी जवळपास काहीच नाही, कधी कुत्र्याचा नुसता वास, कधी प्रत्यक्ष कुत्रा. वासाला खोकडानं फारशी भीक घातली नाही. पण जिवंत कुत्रा समोर असला की खोकड थाळीकडे कमी फिरकायचं, आलं तरी कमी खायचं, घासागणिक मान वर करून बघायचं. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षीच्या शोधनिबंधात मोठं चित्र दिसलं: कुत्र्यांचा वावर जिथं जास्त, तिथून खोकड काढता पाय घेतं. कुत्र्यानं एकही खोकड मारलं नाही तरी त्याचं रान आक्रसतं. गावाबाहेर टाकलेली शिळी भाकरी कुत्र्यांची संख्या वाढवते आणि त्या कुत्र्यांच्या नुसत्या असण्यानं खोकड उपाशी राहतं. भूतदया अशीही महाग पडू शकते.

मग आला आजारांचा मुद्दा. अनिरुद्ध बेलसरे, वनक आणि गॉम्पर यांनी याच परिसरातल्या कुत्र्यांचे आणि खोकडांचे रक्तनमुने तपासले. पार्व्हो, डिस्टेंपर यांसारख्या विषाणूंच्या खुणा दोघांतही सापडल्या. शहरातल्या पिल्लाला आपण लस टोचून आणतो, नान्नजच्या खोकडाला कोण टोचणार? गावकुत्र्यांचं लसीकरण हे म्हणूनच वन्यजीव संवर्धनाचंही काम आहे.

आणि खोकडाची बिळं! गिरीश पंजाबी यांनी रवी चेल्लम आणि वनक यांच्यासह नान्नज परिसरात खोकड घर कुठं करतं हे शोधलं (२०१३). उत्तराचे दोन भाग. एक, मूळ गवताळ माळ त्या परिसरात थोडाच उरलाय, तरी बीळ करायला खोकड त्याच्याच शोधात असतं. दोन, त्या माळावर माणसानं घातलेले मातीचे बांध आणि दगडांचे ढीग त्याला पसंत पडतात. शेतातले दगड वेचून कडेला टाकणाऱ्या शेतकऱ्याला कल्पनाही नसेल की आपण घरकुल योजना राबवतोय.

जागतिक यादीत खोकड ‘चिंता नको’ या रकान्यात आहे. जनावराची चिंता नसेल, पण घराची करायला हवी.

झाडं लावू नका

हे वाक्य लिहिताना हात कचरतो, कारण शाळेपासून आपल्याला उलटं शिकवलंय. पण माळाला झाड हा शाप ठरू शकतो. महसुलाच्या भाषेत माळ ‘पडीक’, म्हणून दर पावसाळ्यात कुणीतरी फावडं घेऊन त्याला सुधारायला निघतं. नान्नजच्या आसपासही सुबाभूळ, गिरिपुष्प असली लागवड झाली. लांडगा तिचा आडोसा म्हणून थोडाफार उपयोग करून घेतो. खोकड, काळवीट, माळढोक यांना मात्र लांबवर नजर पोचणारं उघडं रान लागतं.

नान्नजच्या त्याच वनक यांनी एम. डी. मधुसूदन यांच्यासोबत २०२२ मध्ये देशभरातल्या अशा उघड्या, कोरड्या प्रदेशांचा नकाशा केला. देशाच्या जमिनीचा साधारण दहावा हिस्सा असा निघाला. त्यातला पाच टक्क्यांहून कमी भाग संरक्षित क्षेत्रात, आणि बहुतांश भाग सरकारी नकाशात पडीक. पडीक म्हटलं की सौर पार्क, औद्योगिक वसाहत, वृक्षलागवड यांपैकी काहीतरी येणारच. सोलापुरात तर १९८० मध्ये उजनी धरण झालं आणि पाणी पोचलं तिथं माळाचा ऊस झाला. त्यात शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पण उरलेल्या माळावर वनमहोत्सवाचे खड्डे खणणाऱ्यांना दोन शब्द सुनवायला काय हरकत आहे?

चित्त्याची उरलेली आठवण

नान्नजला कोणत्याही सकाळी हमखास दिसतं ते काळवीट. नर काळाकुळकुळीत, पिळाच्या शिंगांचा. मादी फिकट पिवळी आणि बिनशिंगांची. पळायला लागलं की ताशी ८० किलोमीटरच्या घरात. एवढं पळायचं कशाला? इथल्या लांडग्याला चकवायला एवढ्या वेगाची गरज नाही. ती तयारी चित्त्याची असावी. चित्ता १९५२ मध्ये देशातून नामशेष जाहीर झाला, काळवीट अजून त्याच्या धाकात पळतंय.

कोल्हापूरच्या दरबारात तर पाळीव चित्ते काळविटावर सोडायचा शौक होता. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून मागवले. तेव्हा मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडलेल्या चित्त्यांच्या बातम्या ऐकून ‘आफ्रिकेचे चित्ते भारतात पहिल्यांदाच’ असं कुणी म्हणालं, तर त्याला कोल्हापूरचा रस्ता दाखवा.

काळविटाचा एक उपद्व्यापही सांगायला हवा. गुजरातच्या वेळावदरला झालेल्या अभ्यासात दिसलं की नर आपल्या हद्दीत ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतात. त्यात वेड्या बाभळीच्या शेंगांमधल्या बिया असतात. त्या रुजतात, झुडूप माजतं, आडोसा वाढतो आणि माद्या त्या भागाकडे पाठ फिरवतात, कारण आडोशात शत्रू लपतो. म्हणजे ज्या अंगणात नवरी आणायची, त्याच अंगणात हा पठ्ठ्या काटे पेरतो. वेडी बाभूळ सोलापुरात किती माजलीय ते वेगळं सांगायला नको.

शेजारच्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी हे १९८० चं काळवीट अभयारण्य. क्षेत्रफळ २.१७ चौरस किलोमीटर. एका टोकाला गोव्याच्या दुपटीहून मोठं अभयारण्य, दुसऱ्या टोकाला सकाळच्या फेरफटक्यात संपणारं.

तरस, झटपट

दिसायला कुत्र्यासारखं, पण नातं मांजर-मुंगसाच्या बाजूचं. हाडं फोडून खातं, म्हणून विष्ठा वाळली की खडूसारखी पांढरी. मेलेली ढोरं गावाबाहेर टाकायची पद्धत होती तोवर पोटाची ददात नव्हती. बदनामी भरपूर, उपद्रव नगण्य.

मेंढरं, वाघर आणि भरपाई

लांडगा शेळ्या-मेंढ्या नेतो, यात लपवण्यासारखं काही नाही. सोलापुरात लांडग्यांनी मारलेल्या जनावरांचा अभ्यास कुमार आणि रहमानी यांनी केव्हाच प्रसिद्ध केलाय. धनगर रात्री मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडतो, कुत्री राखणीला ठेवतो, तरी एखादं कोकरू जातं. वनखात्याकडे पंचनामा झाला तर भरपाई मिळते. पण कळप आज या शिवारात, उद्या पुढच्या तालुक्यात. पंचनाम्यासाठी थांबायचं की मेंढरं हाकायची? भरपाईच्या कागदांची रचना घर असलेल्या माणसासाठी आहे, पाल टाकणाऱ्यासाठी नाही. राग अनावर झाला की बिळात धूर सोडून पिल्लं मारण्याचे प्रकार देशात ठिकठिकाणी घडलेत. म्हणून लांडग्यासाठी सर्वांत उपयोगी संशोधन कुठलं म्हणाल, तर भरपाई पालावर कशी पोचवायची याचं. ते अजून कुणाच्या पीएचडीचा विषय झालेलं दिसत नाही, व्हायला हवं.

धूर आणि विषापेक्षा वेगळाच एक धोका २०२३ मध्ये समोर आला. पुणे परिसरात विचित्र रंगाचे ‘लांडगे’ दिसल्याच्या नोंदी पुण्याच्या ग्रासलँड्स ट्रस्टच्या मंडळींनी केल्या. नमुने बंगळुरूच्या प्रयोगशाळेत गेले आणि भारताच्या माळरानांतलं कुत्रा-लांडगा संकराचं पहिलं जनुकीय निदान झालं. चार लाख वर्षं वेगळी राहिलेली शाखा गावाबाहेरच्या उकिरड्यापाशी येऊन मिसळू लागली.

बिनबोलावलेला पाहुणा

लांडग्यांच्या मुलखात २०२४ च्या डिसेंबरात थेट वाघ अवतरला. यवतमाळच्या टिपेश्वरातून निघालेला तरुण नर मराठवाडा पार करून धाराशिवच्या येडशी-रामलिंग घाटात पोचला, तिथल्या कॅमेऱ्यात दिसला आणि बार्शी तालुक्यातही हिंडला. गुरं मारली गेली. पकडायला विदर्भातून पथक आलं, डार्ट घेऊन डोंगर पालथे घातले, वाघोबा काही सापडले नाहीत. सोलापूर जिल्ह्यात वाघाची दहशत आणि वाघाचं कौतुक दोन्ही एकाच आठवड्यात बघायला मिळालं.

बघायला जायचंय?

बुद्धपौर्णिमेच्या रात्री राज्यभर वनखातं पाणवठ्यांवर प्राणी मोजतं. नान्नजलाही लपणात बसून ही रात्र जागवता येते, आधी नाव नोंदवावं लागतं. मे महिन्याची रात्र, पूर्ण चंद्र आणि डासांची साथ.

नुसता लांडगा बघायचा तर सोलापूरच्या हद्दीला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी बरं. तिथं आणि बारामतीजवळच्या शिर्सुफळला पुणे वनविभागानं २०२३ पासून गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केलीय. ऑनलाइन नोंदणी, सोबत गावातलाच प्रशिक्षित वाटाड्या. चिंकारा, खोकड, तरस आणि नशिबात असेल तर लांडगा. सकाळी उन्हं चढायच्या आत जा. गाडी गवतात घालू नका, धावत्या लांडग्यामागे तर अजिबात नको. थंडीत पिल्लांचे दिवस असतात, तेव्हा बीळ दिसलंच तर फोटो समूहावर टाकू नका, आणि ‘कुठल्या माळावर रे?’ असं कुणी विचारलं तर खुशाल दुसऱ्या तालुक्याचं नाव सांगा. मोबाइलवर लांडग्याची साद वाजवून उत्तर येतंय का, हा प्रयोग परवानगी घेतलेल्या संशोधकांवर सोडा. तुमच्या काळी चारला उत्तर द्यायला तो सगळं कुटुंब उठवेल, आणि पिल्लांना घेऊन रातोरात बिऱ्हाड हलवायची वेळ त्याच्यावर येईल.